उज्जैनच्या डोक्यावर सूर्य दोनदा येतो

मंगलाबाई पोतनीस उघड्या डोळ्यांनी झोपायच्या. मधल्या सुट्टीत शिक्षिकांच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसल्या की त्यांच्याशी बोलावं की नाही तेच कळत नसे. नव्याने लागलेल्या मुली त्यांना काहीबाही सांगत बसत आणि बाई "हं, हं" करत. घंटा झाली की विचारायच्या, "काय म्हणत होतीस ग? माझा जरा डोळा लागला."

मी रजनी गद्रे. उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या मुलींच्या त्याच मिडल शाळेत मी गणित शिकवत होते. माझी जीभ तिखट, बाईंची थकलेली, म्हणून आमचं जमलं असावं. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांची गोष्ट सांगायला बसले आहे खरी, पण तिच्यात माझाही भाग आहे आणि तो काही चांगला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला सांभाळून घ्यायला नको.

पोतनीसांचं घर म्हणजे शिंद्यांच्या दफ्तरात तीन पिढ्या लेखणी झिजवलेलं घर. बाई त्या घरात सून म्हणून आल्या आणि एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या. सासरे बापू. त्यांनी आयुष्यात एक शहाणपणाची गोष्ट केली. सुनेला शिक्षिका व्हायला नॉर्मल स्कूलला पाठवलं. "घरात बसून रडण्यापेक्षा शाळेत पोरी बडवील ते बरं," असं ते म्हणाले होते म्हणे. तेव्हापासून बाई शिकवत होत्या. मी शाळेत लागले तेव्हा बापू चौऱ्याऐंशीचे होऊन अंथरुणाला खिळले होते. बाई पहाटे चारला उठायच्या, त्यांचं सगळं करायच्या, दोन पोळ्या टाकायच्या आणि साडेदहाला शाळेत हजर. संध्याकाळी परत तेच. तीस वर्षांत त्यांनी एकदाच रजा घेतली होती, तीही स्वतःला हिवताप आला म्हणून.

एकाच खुर्चीवर बसून बाईंनी तीन सरकारं पाहिली. आधी ग्वाल्हेर दरबार, मग अठ्ठेचाळीस साली मध्यभारत, मग छप्पनच्या नोव्हेंबरात मध्यप्रदेश. सरकार बदललं की आधी भिंतीवरचा फोटो बदलायचा, मग हजेरीचा तक्ता, मग नकाशा, मग पुस्तक. खुर्ची तीच, तिची वेताची बैठकही तशीच फाटकी. बाई म्हणायच्या, "मला एवढंच कळतं रजनी, की सरकार कोणतंही आलं तरी प्रत्येक माहिती तीन प्रतींत लागते."

पण सातवी-आठवीच्या वर्गात 'सौर परिवार' हा धडा आला की त्याच बाई वेगळ्या दिसायच्या. उत्साह वगैरे नाही, तो शब्द त्यांना कधी शोभलाच नाही. पण अंगातला कंटाळा तेवढ्यापुरता बाहेर ठेवल्यासारखा वाटायचा. त्या शाळेचा पाण्याचा मोठा माठ आवारात ठेवायला लावायच्या. हा सूर्य. मग घरून आणलेली पुरचुंडी सोडायच्या. ज्वारीचा एक दाणा, ही पृथ्वी. माठापासून साठ पावलं मोजायची आणि तिथे एका मुलीने तो दाणा तळहातावर घेऊन उभं राहायचं. खसखशीचा दाणा म्हणजे चंद्र, तो ज्वारीपासून अर्ध्या वितीवर. गुरू म्हणजे लिंबू, ते शाळेच्या फाटकाबाहेर सव्वा फर्लांगावर. शनी म्हणजे आवळा, तो त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. नेपच्यून म्हणजे बोर, ते नदीच्या वाटेवर मैलभर. प्लूटोवर मात्र कुणालाच पाठवत नसत. "तितक्या लांब मुलीला धाडायला घरचे परवानगी देत नाहीत," असं त्या गंभीर चेहऱ्याने सांगायच्या आणि पोरी हसून लोळायच्या. एका वर्षी खरंच एक पोरगी आवळा घेऊन टावर चौकात जाऊन उभी राहिली. तिच्या काकांनी पाहिलं आणि शाळेत तक्रार आली. तेव्हापासून फाटकाबाहेरचे ग्रह फक्त बोलण्यात राहिले.

"मग मधल्या जागेत काय आहे, बाई?" मुली विचारायच्या.

"काही नाही. सगळी खाली, रिकामी जागा. सूर्याचा उजेड तेवढा जातो, त्याला इथवर यायला आठ मिनिटं लागतात."

आता सावलीचं सांगते, कारण सगळं त्यावरूनच झालं.

आमच्या शाळेला वरच्या मजल्यावर लाकडी गॅलरी होती. तिच्या कठड्यातून बाई एक बांबू बाहेर काढून बांधायला लावायच्या. बांबूच्या टोकाला डब्याचं पत्र्याचं झाकण, आणि त्याच टोकापासून गवंड्याचा ओळंबा खाली अंगणापर्यंत सोडलेला. ओळंबा जिथे टेकेल तिथे खडूची फुली. झाकणाची सावली बरोबर फुलीवर पडली तर सूर्य अगदी डोक्यावर. हे बघायचं घड्याळात साडेबाराला, बाराला नव्हे. आपलं घड्याळ साऱ्या देशाचं आहे आणि उज्जैन पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे सूर्य अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो, हे बाई दरवर्षी सांगत. दरवर्षी चार मुली बाराला येऊन उभ्या राहात आणि उन्हात वितळत.

शाळा उघडायची एक जुलैला. त्या दिवशी, ढग नसतील तर, सावली जवळजवळ फुलीवर पडायची. आता सगळ्या उज्जैनला लहानपणापासून माहीत असतं की कर्करेखा आपल्या गावावरून जाते आणि बावीस जूनला सूर्य आपल्या डोक्यावर येतो. पण बावीस जूनला शाळांना सुट्टी असते. तेव्हा तपासायला कोण जाणार? शाळा जर जुलैच्या मध्यावर उघडती, तर ही गोष्ट बाईंच्याही लक्षात आली नसती. एक जुलैला सावली जर फुलीपाशी पडते, तर बावीस जूनला तिचं काय होतं, असा त्यांना प्रश्न पडला. म्हणून एका सुट्टीत त्या बापूंना शेजारणीवर सोपवून शाळेत आल्या. बावीस तारखेला साडेबाराला सावली फुलीच्या दक्षिणेला एक बोटभर सरकलेली होती.

म्हणजे कर्करेखा आपल्या गावावरून जात नाही. ती सोळा-सतरा मैल उत्तरेला, महिदपूरच्या बाजूने जाते. बाईंनी हे मुलींना कसं सांगितलं ते मी दारात उभी राहून ऐकलं आहे. "पृथ्वी भोवऱ्यासारखी कलून फिरते, म्हणून सूर्य आपल्याला वर्षभर उत्तर-दक्षिण करताना दिसतो. उत्तरेला कर्करेखेपर्यंत जातो आणि तिथून परत फिरतो. आता समजा टांगा टावर चौकापर्यंत जाऊन वळतो. चौकात ज्याचं घर, त्याच्या दारात तो एकदाच येतो. जो अलीकडे राहतो, त्याच्या दारावरून दोनदा जातो. जाताना एकदा, येताना एकदा. आपण जरा अलीकडे राहतो." आणि मधल्या थोड्या दिवसांत आपली दुपारची सावली दक्षिणेला पडते, वर्षात तेवढेच दिवस.

बापूंना हे बिलकुल पटलं नव्हतं. उज्जैन म्हणजे अवंतिका, पृथ्वीची नाभी, रेषा तिथूनच जाणार! सुनेने रेषा महिदपूरला नेऊन ठेवली म्हणून ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. बाई मला म्हणाल्या, "बरं झालं. दोन दिवस घरात जरा शांतता होती."

सत्तावन्न साली सातवीत अहल्या दिघे होती. तिचे वडील श्रीनाथ दिघे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, मूळचे खानदेशातले. मुलगी काळीसावळी, हाडकुळी, आणि वाद घालण्यात पटाईत. गणितात माझ्या चुका काढायची, म्हणून मला आवडत नसे, आणि चुका खऱ्या असायच्या म्हणून आणखीच आवडत नसे. तिने त्या सुट्टीत रोज येऊन सावली मोजायचं ठरवलं. चपराशाने फाटक उघडून द्यायचं आणि हिने ओळंबा सोडायचा, दहा जूनपासून तीस जूनपर्यंत. अर्धे दिवस ढग होते. पण तेरा जूनला आकाश कोरडं होतं आणि सावली फुलीवर बसली. मग ती रोज थोडीथोडी दक्षिणेला सरकली, बावीसनंतर उलट फिरली, आणि तीस जूनला ढगांतून दोन मिनिटं ऊन आलं तेव्हा परत फुलीवर. दोन तारखा घेऊन ती जुलैत बाईंपुढे उभी राहिली. बाईंनी सगळं पाहिलं आणि इतकंच म्हटलं, "मला एवढ्या वर्षांत तेरा तारीख सापडली नव्हती." त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे काही आलं, तसं मी माझ्या वर्गात कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. मला हेवा वाटला.

त्याच जुलैत नव्या सरकारचं भूगोलाचं पुस्तक आलं. हिंदी, चकचकीत कव्हराचं. त्यात लिहिलं होतं की उज्जैन कर्क रेखा पर स्थित है, आणि सूर्य तिथे वर्षातून एक बार, २२ जून को, ठीक सिर के ऊपर आता है. मी बाईंना म्हटलं, "लिहा ना वर कुणाला तरी." बाई म्हणाल्या, "दरबाराच्या वेळी लिहिलं होतं. मध्यभारताच्या वेळीही लिहिलं होतं. दोन्हींचं उत्तर अजून यायचंय. तिसरं कुठे लिहू?"

अहल्या आता आठवीत होती आणि आठवीला वजीफ्याची, म्हणजे शिष्यवृत्तीची, परीक्षा होती. श्रीनाथ दिघ्यांनी शाळेत येऊन स्वच्छ सांगितलं होतं. धाकट्या दोघा मुलांचं शिक्षण त्यांना करायचंच होतं. वजीफा मिळाला तर अहल्या नववीला जाईल, नाही तर घरात बसून शिवण शिकेल. माणूस वाईट नव्हता. सांगताना खाली बघत होता. "आठवी झाली म्हणजे मुलीचं पुष्कळ झालं ना, बाई?" त्यांनी विचारलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी अहल्या शिक्षिकांच्या खोलीत आली. मी तिथेच वह्या तपासत होते.

"बाई, पेपरात सूर्याचा प्रश्न आला तर काय लिहू? पुस्तकात एकदा आहे, आपल्याकडे दोनदा."

बाई फार थकलेल्या होत्या. आदल्या रात्री बापूंना उलट्या झाल्या होत्या. त्यांनी कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जे पाहिलंस ते लिही."

घंटा झाली, आम्ही तिघी उठलो.

मार्चमध्ये परीक्षा झाली. एप्रिलमध्ये, मी गणिताची असूनही, माझ्याकडे भूगोलाच्या पेपरांचा गठ्ठा आला. आपल्या गावचे पेपर आपल्याकडे येऊ नयेत असा नियम होता, पण राज्य नवं, गठ्ठे बांधणारे नवे, कुठले पेपर कुठे गेले याचा कुणालाच पत्ता नव्हता. सोबत छापील उत्तरं आणि सूचना होत्या. उत्तर छापील उत्तराशी जुळेल तरच गुण द्यायचे, आपलं डोकं चालवायचं नाही. ही शेवटची सूचना अर्थात जरा सभ्य भाषेत होती.

टळटळीत दुपार होती, मी वाळ्याच्या खस टट्टीमागे बसून निळ्या पेन्सिलीने पेपर तपासत होते. सातवा प्रश्न दोन गुणांचा. 'उज्जैन में सूर्य वर्ष में कितनी बार और कब ठीक सिर के ऊपर आता है?' सगळ्यांनी लिहिलं होतं, एक बार, २२ जून. एका पेपरात लिहिलं होतं, 'दो बार। १३ जून और ३० जून। हमने नापा है।' खाली बांबू, झाकण आणि ओळंब्याची आकृतीही काढली होती.

पेपरावर नाव नव्हतं, फक्त नंबर होता. पण असं लिहिणारी साऱ्या राज्यात एकच मुलगी होती, आणि ती कोण हे मला ठाऊक होतं. उत्तर बरोबर आहे हेही ठाऊक होतं. एक जुलैला मी स्वतः त्या अंगणात उभी राहिले होते.

मी बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसले. वर पेपर परत तपासले जातात हे मला माहीत होतं. त्या महिन्यात बदल्यांच्या याद्या निघत होत्या, उज्जैनच्या शिक्षिका कुठे बस्तरकडे, कुठे रीव्याकडे. माझी आई माझ्यावर होती. सूचना मोडणाऱ्या परीक्षकाचं नाव यादीत पहिलं जाईल, असं मला वाटलं. खरंच गेलं असतं का? कुणास ठाऊक. मी काट मारली आणि शून्य दिलं. मग त्या आकृतीवरही एक रेघ ओढली, तेवढी काही गरज नव्हती. दोन गुणांनी काय होतंय, असं स्वतःला सांगितलं. गणिताच्या बाईने असं म्हणावं!

मेच्या अखेरीस यादी लागली. अहल्याचा वजीफा एका गुणाने हुकला होता.

अहल्याने सातव्या प्रश्नाला काय लिहिलं होतं ते बाईंना ठाऊक होतं. त्या मला म्हणाल्या, "रजनी, शिक्षण खात्याच्या कचेरीत जायचंय. एकटीला मला तिथलं काही समजत नाही. चलशील?" नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

कचेरीतले साहेब नव्या राज्याच्या दुसऱ्या टोकाकडून आलेले, उज्जैनला येऊन दोन महिने झालेले. टेबलावर फायलींचे ढीग, पंखा बंद. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, पाणीही मागवलं. बाईंनी सगळं सांगितलं, सावकाश, वर्गात सांगतात तसं. बांबू, झाकण, टांगा, टावर चौक. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पेपर मागवला.

पेपर आला तसा त्यांनी तो टेबलावर आमच्या बाजूला फिरवून ठेवला. माझी निळी काट, माझं शून्य. साहेब म्हणाले, "परीक्षक ने कोई गलती नहीं की है. आदर्श उत्तर के मुताबिक ही नंबर दिए हैं."

बाई पेपराकडे बघत राहिल्या. माझ्याकडे त्यांनी मान वळवली नाही. मी आता बोलावं, असं मला वाटत होतं, फार वाटत होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती. ही माझी तिखट जीभ!

"लेकिन साहब, उत्तर तो सही है," बाई म्हणाल्या.

"होगा, बहनजी. मैं क्या करूँ? किताब मैंने नहीं लिखी." मग त्यांनी एक फाईल उघडली, दोन पानं उलटली. त्यांनाही ते बरं वाटत नसावं. "एक रास्ता है. अगर अध्यापिका ने ही गलत पढ़ाया हो, तो छात्रा को उस प्रश्न के नंबर मिल सकते हैं. उसका क्या दोष? लेकिन आपको अपने हाथ से लिखकर देना होगा. और वो आपकी सर्विस बुक में जाएगा."

बाईंची नोकरी दोन वर्षं उरली होती. बडी बहनजी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, जुलैत निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी बाईंचं नाव पक्कं होतं. मागे कधी त्यांनी काही मागितलं नव्हतं, पण ती जागा त्यांना हवी होती. मला एकदा म्हणाल्या होत्या, की त्या खोलीत दुपारी सावली असते आणि दार आतून लावता येतं. सर्विस बुकात असा शेरा असलेल्या बाईला ती जागा कोण देणार?

"क्या लिखना होगा?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी कागद पुढे केला आणि मजकूर सांगितला. बाईंनी चष्मा पुसला आणि लिहायला घेतलं. अक्षर त्यांचं फार सुंदर होतं, दफ्तरी घराण्यातल्या सुनेला शोभेल असं. 'मैं स्वीकार करती हूँ कि मैंने छात्राओं को गलत पढ़ाया। सूर्य उज्जैन में वर्ष में एक ही बार, २२ जून को, सिर के ऊपर आता है।' एक वाक्य झाल्यावर त्या थांबल्या, टाक दौतीत बुडवला, आणि दुसरं वाक्य लिहिलं. खाली पूर्ण सही केली आणि तीन प्रतींत लागेल का म्हणून विचारलं. लागणार होतं. त्यांनी ते तीनदा लिहिलं.

परत येताना आम्ही टांग्यात शेजारी शेजारी बसलो होतो. टांगा देवास गेटाशी आला. मग बाई म्हणाल्या, "तुझं शून्य मी ओळखते, रजनी. वर छोटी गाठ मारतेस."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं.

"मी आत्ता वापस जाते, बाई. साहेबांना सांगते, की मला माहीत होतं आणि तरी—"

"आणि काय होईल? तुलाही शेरा. पोरीला त्याने काही जास्त मिळणार नाही. जाऊ दे. एकीचं गेलं तेवढं पुरे." थोडं थांबून म्हणाल्या, "आकृतीवर रेघ मारायला नको होती पण. चांगली काढली होती तिने."

त्यापेक्षा त्यांनी भर रस्त्यात माझ्या थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं. पण मारायलाही ताकद लागते, आणि ती त्यांना घरी बापूंना कुशीवर वळवायला ठेवायची होती.

जूनच्या शेवटी अहल्याचं नाव यादीत चढलं. जुलैत बडी बहनजींच्या खोलीत एक तिसऱ्याच शाळेतल्या बाई येऊन बसल्या. मंगलाबाईंचं काम होतं तसंच चालू राहिलं. कुणी कारण विचारलं तर "माझं वय झालं" म्हणायच्या. खरं काय ते मला माहीत होतं आणि मी गप्प होते. गप्प बसायची एकदा सवय लागली की ती सुटत नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा सुटल्यावर अहल्या आली. नव्या शाळेची ओढणी, केस घट्ट बांधलेले, आणि चेहरा रागाने लाल. तिच्या वडिलांच्या हातात वजीफ्याचा कागद पडला होता आणि त्यावर कारण लिहिलं होतं, 'अध्यापिका की त्रुटि के कारण'. शिक्षिकांच्या खोलीत बाई आणि मी दोघीच होतो.

"बाई, तुम्ही चुकीचं शिकवलं असं लिहून दिलंत?"

"दिलं."

"पण ते खोटं आहे."

"हो, खोटं आहे."

"मग मला नको तो वजीफा. मी वापस करून येते."

बाई उठल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. टेबलाला धरून उभ्या होत्या.

"खबरदार! मी तुला म्हटलं होतं, जे पाहिलंस ते लिही. तू लिहिलंस. तुला भीती नाही वाटली. मी म्हटलं म्हणून तू लिहिलंस, आणि त्याचं तू का भोगायचं? जे काय खोटं आहे ते माझ्या नावावर आहे, सरकारी कागदावर, तीन प्रतींत. तुझ्या नावावर काही नाही. तू कोरी आहेस. कळलं?"

अहल्या रडत होती, पण मान खाली घालत नव्हती.

"आता सांग. परत कुणी पेपरात विचारलं, उज्जैनच्या डोक्यावर सूर्य किती वेळा येतो, तर काय लिहिशील?"

"दोनदा," ती म्हणाली. "तेरा जूनला आणि तीस जूनला."

मग तिने ओढणीने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. तिला काहीच माहीत नव्हतं. गणिताच्या बाई खोलीत आहेत, आणि त्यांच्यासमोरही आपलं उत्तर पक्कं करून घ्यावं, एवढंच तिच्या मनात होतं.

"बरोबर आहे ना, रजनीबाई?"

मंगलाबाई माझ्याकडे बघत होत्या.

"बरोबर आहे," मी म्हटलं. एप्रिलमध्ये एवढंच म्हणायचं होतं मला.